तोरणापासून तिसरी जागा

२० ऑगस्ट

बाबा, जयभीम.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. लिहिलेला कागद तुम्ही फाडत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचल्याशिवाय टाकायचा नाहीत. तेव्हा रागवा, पण वाचा.

हो, बैल घेतले. तुमच्या लेकाने, संघपालने, तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. धाडच्या पलीकडे एक शेतकरी आहे, त्याच्याकडून चौदा तारखेला जोडी आणली. नावं त्यानेच ठेवलेली, नवल्या आणि पाखऱ्या. नवल्या स्वभावाने गरीब, पाखऱ्या वांड. दावणीला आल्याआल्या त्याने बेबीआत्याचं वाळत घातलेलं लुगडं चघळून ठेवलं. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन वं मयुरी, तुया दवाखान्यात ढोरं कमी पडले काय, आता घरीबी आनले?" पण दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तिने दोघांपुढे कुटार टाकलेलं होतं. तुमचीच बहीण आहे, तोंडाने एक आणि हाताने दुसरं.

संघपालने तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं: "आमी शेनातून निंगालो म्हून हे लेकरं शिकले, अन् हे पोट्टी वापस शेनात घुसून राह्यली. तिले सांग, माह्याशी बोलू नको."

बाबा, सात वर्षांपूर्वी माझं लग्न मोडलं तेव्हा तुम्ही स्वतः मला न्यायला आलात. त्यांच्या दारातून माझी पेटी खांद्यावर घेतलीत आणि मान खाली न घालता बाहेर पडलात. "मोडलं तं मोडलं," एवढंच म्हणालात. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की सांगता येत नाही. आणि आता बैल घेतले तर बोलणं बंद? नवऱ्यापेक्षा बैल वाईट?

तुम्हाला कारण हवं असेल तर घ्या. आपले दोन एकर इतकी वर्षं सहदेवकाका बटईने, निम्म्या वाट्याने करायचे. त्यांच्याच्याने आता होत नाही. ट्रॅक्टर नांगरून जातो, पण कपाशीची पराटी गुडघ्याएवढी झाली की ओळींतलं तण काढायच्या डवऱ्याला बैलच लागतात. मी रोज सकाळी साडेपाच ते आठ डवरा धरते, मग आंघोळ करून दवाखान्यात जाते. लोक बांधावर थांबून पाहतात. ढोरांची डॉक्टरीण, त्यात बाई, त्यात डवरा. हसतील त्यांचे दात दिसतील.

आणखी एक सांगून टाकते, उगाच दुसऱ्याकडून कळायला नको. यंदा अधिक महिन्यामुळे पोळा लांबलाय, चौदा सप्टेंबरला आहे. मी माझी जोडी पोळ्यात उभी करणार आहे, तोरणापासून तिसऱ्या जागेवर.

तुमची मयुरी


३ सप्टेंबर

बाबा, जयभीम.

संघपालचा फोन आला. म्हणजे पत्र वाचलंत. निरोप मिळाला: "आपन धम्म घेतला. पोळा आपला सन नाही. तिले काही लाज?"

लाज आहे, म्हणूनच करतेय. मी नारळ फोडणार नाही, आरती ओवाळणार नाही. घरातल्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब जिथे तुम्ही टांगले होते तिथेच आहेत, रोज पुसते. पण वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवायचं त्याला एक दिवस सुट्टी द्यायची आणि पोटभर खाऊ घालायचं, यात देव कुठून आला? अकोल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. आणि खरं सांगा, तुम्हाला धम्म दुखत नाहीये. तुम्हाला ती जागा दुखतेय.

मलाही दुखते. मी सहा वर्षांची होते. तुम्ही वासरापासून वाढवलेली जोडी होती. शिंगं लाल रंगवली होती, वर बेगड चिकटवली होती, आणि तुम्ही मला म्हणाला होतात, "झूल धर, मयुरी, सोडू नको." मी डावीकडच्या बैलाची झूल दोन्ही हातांनी धरून चालत होते. मैदानात आपण तिसरे पोचलो, म्हणून तुम्ही तिसऱ्या जागेवर उभे राहिलात. एवढंच केलंत तुम्ही. पहिली जोडी गुलाबरावांच्या वडिलांची, मानाची. मग बाकीच्यांच्या, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. आपल्या वस्तीतल्या जोड्यांनी नाल्यापलीकडे थांबायचं आणि तोरण तुटून पोळा फुटल्यावर यायचं, असं होतं ना?

कुणी मारलं नाही. कुणी शिवी दिली नाही. एकाने येऊन नुसती वेसण धरली आणि म्हणाला, "भाऊराव, फिरव." गर्दीत बैलजोडी फिरवायला वेळ लागतो. एक बैल वळायचा तर दुसरा अडायचा. लोक बाजूला होऊन वाट देत होते आणि हसत होते. तुम्ही कासरा ओढत राहिलात.

घरी जाताना मी विचारलं, "बाबा, आपले बैल बिमार हायेत काय?"

तुम्ही म्हणालात, "हाव."

आठवड्याभरात जोडी विकलीत आणि आपण अकोल्याला गेलो. मी मात्र त्या 'हाव'वर विश्वास ठेवून बसले. आपले बैल आजारी होते, म्हणून परत पाठवले. मग मी ठरवलं की मोठी होऊन बैलांना बरं करायचं. तुम्ही सगळ्यांना सांगता की पोरीला माणसांचं डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले. मार्क पुरेसे पडले होते, बाबा. मी फॉर्मच भरला नव्हता. खरं काय झालं होतं ते मला नववीत असताना आत्याने सांगितलं, पण तोपर्यंत माझं ठरून गेलं होतं.

परवा मी गुलाबरावांकडे गेले. आता मान त्यांच्याकडे आहे. माणूस वाईट नाही, चहा पाजला, कप वेगळा नव्हता. म्हणाले, "आता काय पयल्यासारखं राह्यलं नाही, डॉक्टरीनबाई. बिनधास्त आना जोडी. फक्त मांगून उभी करा."

"मागून का?"

"रीत हाये. जागा ठरेल असतात."

"मी दोन तास आधी येईन. जो आधी येईल तो पुढे."

"असं नाही होत."

"काऊन नाही होत?" मी विचारलं. दवाखान्यात मी शुद्ध बोलते, त्यामुळे ते दचकलेच. मी म्हटलं, "पहिली जागा तुमची तुम्हाला लखलाभ. मला तिसरी पाहिजे, माझे वडील उभे होते ती." ते हसले, मिशीवरून हात फिरवला आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागले. मी चहा संपवला आणि उठले. नाही म्हणाले नाहीत, हेही खरं.

बाकी ठीक. नवल्या दोन दिवस जरा सुस्त आहे. डवऱ्याचा शीण असेल.

तुमची मयुरी


८ सप्टेंबर

बाबा, जयभीम.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. नवल्याला शीण नव्हता.

तीन तारखेला रविवार होता. सकाळी विहिरीवर त्याला धूत होते तेव्हा हाताला गाठी लागल्या. मानेच्या मुळाशी चार, पाठीवर सहा-सात, सुपारीएवढ्या. अंगात एकशेचार ताप. मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. लम्पी. मी हात धुतले, घरात आले आणि तुम्हाला ते पत्र लिहायला बसले.

गावातली सगळी जनावरं मी जूनमध्ये टोचली होती, एकूणएक. ही जोडी आली ऑगस्टमध्ये. नवं जनावर आणायचं तर आधी लस, मग तीन-चार आठवडे वेगळं बांधायचं, हे मी गावोगाव घसा कोरडा करून सांगत फिरते. आणि स्वतःच्या घरी? पोळा महिन्यावर आला होता. जोडी लवकर हाताखाली यावी, माणसांची सवय व्हावी, म्हणून मी थांबले नाही. आणल्यावर दुसऱ्या दिवशी लस दिली आणि तिसऱ्या दिवशी डवऱ्याला जुंपली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एवढी चूक एखाद्या शेतकऱ्याने केली असती तर मी त्याला चारचौघांत झापलं असतं.

अजून सांगायचं आहे. तो दिवस आणि दुसरा दिवस मी कुणाला काही बोलले नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. अकरा दिवस आहेत, ताप उतरेल. सोमवारी दवाखान्यातून आल्यावर मी धाडच्या बाजारातून आणलेली झूल नवल्याच्या पाठीवर टाकून पाहिली. पाठीच्या गाठी झाकल्या जात होत्या. मानेच्या राहत होत्या, तर मी मनात म्हटलं, घुंगरमाळ जरा रुंद घेऊ. बाबा, मी डॉक्टर असून हे मोजत होते.

तेवढ्यात नवल्याच्या अंगावरची माशी उठून कुडापलीकडे सहदेवकाकांच्या गोऱ्ह्यावर जाऊन बसली. गोऱ्हा जूननंतर जन्मलेला, लस न मिळालेला. मी झूल काढून घेतली.

तुम्ही तेव्हा निरोगी बैलांना आजारी म्हणालात. मी आजारी बैलाला निरोगी म्हणणार होते. आपण दोघांनी त्या एका जागेपायी बैलांबद्दल खोटं बोलायचं, हे मला सहन होईना.

मंगळवारी सकाळी मी माझ्या हाताने कागद लिहिला आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवला. पहिलंच वाक्य: "गावात लम्पीची लागण झालेला पहिला बैल माझा आहे." खाली लिहिलं की यंदा जनावरं एकत्र आणू नयेत, पोळा ज्याने त्याने आपल्या दारात करावा. सही केली, शिक्का मारला. दुपारी बैठक झाली आणि पोळा रद्द झाला.

मग गाव पेटलं. पारावर कुणी म्हणालं, "तिले तिसरी जागा भेटत नव्हती, म्हून पोळाच मोडला." दुसरा म्हणाला, "हिनंच रोग आनला गावात." यातलं दुसरं खरं आहे. म्हणून दोन्ही उभी राहून ऐकून घेतलं आणि मग दवाखान्यात गेले. सहदेवकाकांचा गोऱ्हा काल आजारी पडला. मी औषध द्यायला गेले तर काका खाटेवरून उठले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. ते मला फार लागलं. तरी मी रोज दोनदा जाणार, गोऱ्ह्याला सुई देणार आणि येणार.

आत्या भांडली. "बोलाची काय गरज होती? बांधून ठेवला असता घरात. कोन पाह्यत होतं?"

मी म्हटलं, "मी पाह्यत होते."

"बापावरच गेली," म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली.

तुम्हाला आनंद झाला असेल तर होऊ द्या. पण मी माघार घेतली असं म्हणू नका.

मयुरी


१३ सप्टेंबर

बाबा, जयभीम.

संघपालचा फोन आला. म्हणाला, बाबांनी दोन दिवस काही खाल्लं नाही नीट, आणि आज सकाळी एकच विचारलं: "नवल्या डाव्या अंगाचा का उजव्या?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. म्हटलं, ज्यांनी विचारलं त्यांना मी लिहीन. इतक्या दिवसांत तुम्ही मला पहिल्यांदा काही विचारलंत, ते उत्तर असं तिसऱ्याच्या हातून कशाला देऊ?

आज खांदशेकणी. दिवेलागणीला आत्याने वाटीत तूप-हळद कालवली, पळसाचं पान तोडून आणलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिने पाखऱ्याचे खांदे चोळले, जुवाने घट्टे पडलेत तिथे जरा जास्तच, आणि मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अगदी तुमच्या चालीत. मला वाटलं तुम्हीच गोठ्यात उभे आहात. मी बाहेर येऊन थोडी रडले. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

नवल्याला वेगळं बांधलंय, मच्छरदाणी लावून. तुम्ही हसाल, पण आत्याने स्वतःचीच काढून दिली. त्याच्या गाठी फुटल्यात, खांद्याला हात लावू देत नाही. मी मलम लावलं, तूप-हळद नाही. ताप उतरलाय, पण चाऱ्याला तोंड लावत नाही. मी लांबूनच म्हटलं, "आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्याने कान हलवला. बैल कान कशानेही हलवतो, हे मला माहीत आहे.

मयुरी


१५ सप्टेंबर

बाबा, जयभीम.

काल पोळा झाला. ज्याचा त्याच्या दारात. मैदानात तोरण नाही, वाजंत्री नाही. आत्याने पुरणपोळी केली. पाखऱ्याने पाच खाल्ल्या आणि सहावीसाठी तिचा पदर ओढला. नवल्यासमोर मी अर्धी ज्वारीची भाकरी धरली. बराच वेळ नुसता हुंगत होता, मग खाल्ली. आणखी अर्धी दिली, तीही खाल्ली. तो जगेल, बाबा. सहदेवकाकांचा गोऱ्हाही उभा राहिलाय. काका अजून बोलत नाहीत, पण काल त्यांनी मला हात धुवायला पाणी आणून दिलं.

दुपारी गुलाबराव आले. आपल्या गल्लीत, पायी, एकटे. आत्या म्हणते, तिच्या आठवणीत त्या घरचं कुणी इथवर आलेलं नाही. दारात उभे राहून म्हणाले, "मानाचा बैल खात नाही. अंगावर गाठी दिसून राह्यल्या."

नवल्याची लागण माझ्यासोबत जाऊ नये म्हणून मी आंघोळ केली, कपडे बदलले, बूट धुतले आणि गेले. बैल म्हातारा आहे, लस जूनची आहे, लागण हलकी आहे. सुई दिली, मलम दिलं, काय करायचं ते त्यांच्या सुनेला समजावून सांगितलं. मग हौदावर हात धुतले. औषधपाणी सगळं झाल्यावर बोलले, आधी नाही. माझ्या सुईच्या बदल्यात मला काही नको होतं.

म्हटलं, "गुलाबराव, पुढच्या पोळ्याला माझी जोडी तिसऱ्या जागेवर उभी राहील."

ते म्हणाले, "पुढल्या वर्षी पाहू."

"तुम्ही पाहा. मी उभी राहणार आहे."

अंगणात त्यांची चार माणसं होती. कुणी हसलं नाही. गुलाबराव बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "तुया बापाचा पीळ हाये तुह्यात. सुंभ जळला तरी तो जात नाही."

मी म्हटलं, "तो सुंभ अजून जळला नाही. अकोल्यात आहे."

येताना मुद्दाम मैदानातून आले. ऊन होतं, एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं. तोरणाचे खांब जिथे रोवतात ते खड्डे अजून आहेत. तिथून मी मोजलं. एक जोडी, दोन जोड्या, तीन. तिसऱ्या जागेवर जाऊन उभी राहिले, पायात रबरी बूट, हातात औषधांची पेटी. शेवटी उन्हाने डोकं दुखायला लागलं तेव्हा निघाले. कुणी येऊन 'फिरव' म्हणालं नाही.

त्या वर्षी आपले बैल निरोगी होते आणि लोकांनी ते फिरवले. यंदा माझा बैल आजारी होता आणि मी स्वतः फिरवला. गावाला यातला फरक कळो न कळो, तुम्हाला कळायला हवा. मला कुणी फिरवलेलं नाही, बाबा. गावातल्या सगळ्या जोड्या माझ्या एका कागदाने आपापल्या दारात थांबल्या, मानाचीसुद्धा. मी ते सूड म्हणून केलं नाही, पण खोटं का बोलू, तिथे उभी असताना मला थोडं बरं वाटलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नवल्या डाव्या अंगाचा आहे. मी ज्याची झूल धरली होती तोही डाव्याच अंगाचा होता. हे तुम्हाला आठवत होतं, म्हणून विचारलंत ना?

पाखऱ्याला मी सांभाळते, तो माझं ऐकतो. नवल्याच्या बाजूला धरायला माणूस लागेल, आणि मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. एक वर्ष आहे तुमच्याकडे. त्याआधी कधीही या, त्याला तुमच्या हाताची सवय व्हायला वेळ लागेल. धम्म सोडून या असं मी म्हणत नाही. तुम्ही जसे आहात तसे या, पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून.

आणि आल्यावर पहिल्यांदा माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. बत्तीस वर्षांपूर्वी विचारला होता, तोच आहे. आपले बैल बिमार होते काय? या वेळी खरं सांगा, मैदानात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आज आवतन घ्या, बाबा. जेवाले या.

मयुरी